सुटा भाग आणि स्वावलंबन

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर उभे असलेले येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन जलविद्युत संच आहेत. इतक्या जुन्या यंत्रांपुढचा यक्षप्रश्न देशभर एकच असतो : झिजलेला भाग आणायचा कोठून? मूळ साचे अनेकदा मोडीत निघालेले असतात आणि एका नगासाठी ओतकाम करणे कोणत्याही कारखान्याला परवडत नाही.

धातूची भुकटी लेसरने वितळवून थरावर थर रचणारे त्रिमितीय मुद्रण, अर्थात थ्रीडी प्रिंटिंग, हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. त्याला साचा लागत नाही. हे तंत्र भारतीय उद्योगाला साधते, हे ९ मे २०२४ रोजी सिद्ध झाले. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे मुद्रित इंजिन इस्रोने महेंद्रगिरी येथे ६६५ सेकंद यशस्वीपणे चालविले. चौदा भागांचे इंजिन एकसंध झाले, १९ सांधे गेले आणि ५६५ किलोऐवजी १३.७ किलो धातू पुरला. ते घडविले बंगळुरूच्या विप्रो थ्रीडीने.

मात्र यंत्र आले म्हणजे विद्या आली, असे नव्हे. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या भागाच्या पोटात सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. थर कोणत्या दिशेने रचले, यावर त्याची ताकद बदलते. म्हणून भुकटीचा दाखला, उष्णतोपचार, क्ष-किरण तपासणी आणि सोबत मुद्रित केलेल्या नमुन्याची ताणचाचणी यांची मागणी ग्राहकानेच लेखी केली पाहिजे. आयएसओ-एएसटीएम ५२९०१ हे मानक नेमके याचसाठी आहे. केवळ सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणाऱ्या कार्यालयाला स्वस्त भाग मिळेल. पण तो फिरत्या संचात तुटला, तर वाचलेल्या पैशाच्या अनेक पट हानी होईल.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. साच्याची जागा आता संगणकीय आराखड्याने घेतली आहे. तो पुरवठादाराच्याच हाती राहिला, तर जुने परावलंबन नव्या रूपात परत येईल. आराखड्याची मालकी ग्राहकाकडे असावी, ही अट करारात हवीच.

केंद्र सरकारने २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात जागतिक बाजारातील पाच टक्के वाट्याचे लक्ष्य ठेवले. ते केवळ आयात यंत्रांनी गाठता येणार नाही. परभणी-संभाजीनगरच्या तंत्रनिकेतनांतील तरुणाला भाग घडविण्याइतकेच तो पारखण्याचेही शिक्षण मिळाले पाहिजे. स्वदेशीचा खरा कस पारखी ग्राहकापाशीच लागतो.