तटस्थ आणि निःपक्षपाती

समीक्षेच्या परिभाषेत ‘तटस्थ’ आणि ‘निःपक्षपाती’ हे शब्द आपण बरेचदा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला; निःपक्षपाती म्हणजे निवाडा करताना कोणत्याही बाजूला न झुकणारा. पहिल्याला पाण्यात उतरावे लागत नाही. दुसऱ्याला उतरल्यावाचून गत्यंतर नसते. राज्य निवडणूक आयोगाचा विचार करताना हा भेद निर्णायक ठरतो.

ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका या आयोगाकडे असतात. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात तो १९९४ साली स्थापन झाला. आयुक्तांना पदावरून दूर करायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी असलेलीच पद्धत अवलंबावी लागते. एवढे संरक्षण काठावर उभे राहण्यासाठी खचितच दिलेले नाही.

पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटना सांगते. तरीही मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. याचा दोष एकट्या आयोगावर टाकणे अन्यायाचे होईल. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. शिवाय मार्च २०२२ मध्येच विधिमंडळाने एकमताने कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून काढून शासनाकडे दिला. एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे पक्ष पंचाच्या हातातील फक्की काढून घेताना मात्र एकत्र आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मैदान आखण्याचा अधिकार खेळाडूंकडे आणि शिट्टी तेवढी पंचाकडे, अशी ही वाटणी.

गोव्यात तर पंचच खेळाडूंच्या संघातून आला होता. तेथे शासनाच्या विधी सचिवांकडेच आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार होता. शासकीय सेवेतील व्यक्तीला हे पद देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले. निःपक्षपातीपणा हा केवळ व्यक्तीच्या स्वभावाचा गुण नसून ती एक रचना आहे, हेच त्यातून अधोरेखित झाले.

रचनेइतकाच आग्रहही हवा. शासन सहकार्य करीत नसेल तर आयोगाने न्यायालयात जावे, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच दाखवून ठेवला आहे. त्या वाटेने जाणे म्हणजे पक्ष घेणे नव्हे. आयोगाने घ्यावयाचा पक्ष एकच, मतदाराचा; आणि तो घेण्यात संकोच वाटू लागला की निःपक्षपातीपणाची तटस्थता होते. निवडणूक लांबते तेव्हा कोणताही पक्ष हरत नाही. हरतो तो दाराशी पाणी तुंबले असता कोणत्या नगरसेवकाकडे जावे हे न कळणारा नागरिक. काठावर उभे राहणाऱ्याला तो दिसतो, पण हात देता येत नाही.