दुपट्टा-टोपीचा मान कशासाठी?

लग्नसराई आली की मोताळ्याकडच्या मांडवात टोप्यांचे गठ्ठे सुटतात. व्याही, मामा, सरपंच, पक्षाचा तालुकाध्यक्ष... माईकवर एकेकाचे नाव पुकारले जाते. खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर टोपी. आणि पाच मिनिटांत ती टोपी खिशात! ज्याचे नाव राहिले तो न जेवता निघून जातो. आपले बौद्ध समाजाचे मांडवही यातून सुटलेले नाहीत. त्रिसरण-पंचशील होते, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि लगेच टोप्यांचा ढीग पुढे येतो.

ही टोपी आली कुठून? पूर्वी डोके पाहून जात ओळखावी अशी सोय होती. भटा-कारकुनाची पगडी, पाटलाचा फेटा, कुणब्याचे मुंडासे. म्हणूनच १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले. पुढे गांधीजींनी काश्मिरी टोपीच्या धर्तीवर खादीची पांढरी टोपी आणली. पागोट्याला कितीतरी वार कापड लागे. हिला छोटा तुकडा पुरे, धुवायला सोपी, घडी घालून खिशात मावणारी. सोय चांगली होती. पण सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला खुद्द गांधीजींनीच टोपी उतरवली! ती राहिली पुढाऱ्यांच्या डोक्यावर. पांढरी काँग्रेसची, काळी संघाची. २०११ मध्ये अण्णांच्या आंदोलनात तिच्यावर अक्षरेही छापली गेली. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

शेतात उन्हासाठी टोपी घालणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल आमचे काही म्हणणे नाही. त्यांना हा मान गोड का वाटतो, तेही आम्ही जाणतो. ज्यांच्या बापाला गावकीत बसायला जागा नव्हती, त्याचे नाव चारचौघांत पुकारले जाते, डोक्यावर कुणीतरी टोपी ठेवते. ती भूक खरी आहे. पण बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना सांगितले, की अस्पृश्यपणाची खूण सांगणारे नेसणे आणि दागिने टाकून द्या. पोशाख स्वतःच्या स्वाभिमानासाठी बदला, असा त्याचा अर्थ. ते स्वतः हॅट घालत. ती त्यांच्या डोक्यावर कुणी मान म्हणून ठेवली नव्हती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतली निळी टोपीही आपण आपल्या हाताने घालतो. (तीही दुसऱ्या दिवशी कुठे जाते, हा प्रश्न वेगळा.)

आता हिशेब करा. शंभर मानकरी, एका जोडीला पन्नास रुपये धरले तरी पाच हजार झाले. कापूस वेचून, सोयाबीन सोंगून पोट भरणाऱ्या बापाने ते उसने आणायचे. कशासाठी? कुणी घालत नाही अशा टोपीसाठी! तेवढ्यात शाळेतल्या पोरीची वर्षाची वह्या-पुस्तके येतात.

लग्नपत्रिकेत ‘दुपट्टा-टोपी दिली-घेतली जाणार नाही’ ही एक ओळ छापायला जादा पैसे पडत नाहीत. पण यजमान घाबरतो, पुढारी रुसेल म्हणून. तेव्हा तालुक्यातील आपल्या पदाधिकाऱ्यांनीच पुढच्या मांडवात माईक हातात घेऊन यादीतले पहिले नाव, म्हणजे स्वतःचे, खोडायला सांगावे.