हाडे दुखतात, तो वातच असतो का?

माता-भगिनींनो, विदर्भातून पोटापाण्यासाठी कामोठ्यात आलेल्या घरांनी हे जरूर वाचावे. पोर हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडते, डोळे पिवळे दिसतात. कोणी वात म्हणतो, कोणी बाहेरची बाधा. तो सिकलसेल असू शकतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही तो पुष्कळ आढळतो.

निरोगी तांबडी पेशी गोल, लवचिक असते. बारीक रक्तवाहिनीतूनही वाकून निघते. या आजारात प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी नि ताठ होते, वाहिनीत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, तीच ती कळ. शिवाय १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

दोष एकट्या सुनेचा नसतो. आई-बाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी २५ टक्के धोका असतो, आणि वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही. तेव्हा लग्नाआधी पत्रिका कसली पाहता, दोघांचे रक्त तपासा!

आजारी मुलाला पाणी भरपूर द्यावे, थंडीत जपावे. ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. पूर्वी रक्त चढवले असेल तर तेही सांगावे, कारण परक्या रक्ताविरुद्ध शरीरात प्रतिद्रव्ये तयार झालेली असू शकतात.