सही आपली, पण कागद कुणाच्या भाषेत?

चरबीची गाठ, रुतलेले नख, मोतीबिंदू, किडलेली दाढ यांसाठी आता दवाखान्यात मुक्काम करावा लागत नाही. सकाळी जावे, तेवढीच जागा बधीर करून घ्यावी आणि दुपारी घरी यावे, इतके हे सोपे झाले आहे. परंतु शस्त्रक्रिया लहान असली तरी तिची पूर्वतयारी लहान नसते. ही तयारी रुग्णाला स्वतःच करायची असते आणि ती सांगितली जाते शब्दांतून. सीमाभागातील मराठी रुग्णाची अडचण नेमकी येथे सुरू होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक मराठी माणसांना कन्नड बोलता येते. बाजारात, बसमध्ये त्यावर काम भागते. पण लिपी वाचता येत नाही. दवाखान्यातील डॉक्टर आणि परिचारिका पुष्कळदा आपुलकीने मराठीत बोलतात, हेही मान्य केले पाहिजे. मात्र हाती पडणारे सूचनापत्र आणि सहीसाठी पुढे येणारे संमतिपत्र बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असते. गर्दीत घाईने सांगितलेले घरी पोचेपर्यंत निम्मे विसरते. उरतो तो कागद, आणि तोच वाचता येत नाही.

या कागदावर काय असते? पूर्वी इंजेक्शनने अंगावर पुरळ उठले होते का, दम लागला होता का, हे विचारलेले असते. हृदयविकारामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या सांगायच्या असतात. सांगितल्या नाहीत तर रक्त लवकर थांबत नाही. मनाने बंद केल्या तर हृदयाला किंवा मेंदूला धोका संभवतो. नुसती जागा बधीर करायची असेल तर अनेकदा उपाशी राहण्याची गरज नसते. गुंगीचे औषधही द्यायचे असेल, तर साधारणपणे सहा तास आधी जेवण बंद करावे लागते. हा फरक न कळल्याने मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन घेऊन उपाशी आला, तर त्याची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. येथे भाषेचा प्रश्न अस्मितेपुरता राहत नाही, तो जिवाशी येतो.

कायदा काय म्हणतो? रुग्णाला पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय संमती खरी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत ही माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत द्यावी, असे म्हटले आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे तर १९६१ पासूनचे धोरण आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालाची वाट पाहत रुग्णाने न वाचता अंगठा उठवत राहावे काय?

मात्र मराठी कागद मागताना एक काळजी घ्यायला हवी. कन्नड कागदावरील 'अरिवळिके' हा शब्द मराठी शेतकऱ्याला कळत नाही, तसाच 'स्थानिक संज्ञाहरण' हाही कळणार नाही. नुसते 'भूल देणार' असे लिहिले तर पूर्ण बेशुद्ध करणार, असे वाटून माणूस घाबरतो. म्हणून 'गाठीभोवती सुई देऊन तेवढी जागा बधीर करू. तुम्ही जागे असाल. हात लागलेला, ओढल्यासारखे जाणवेल, पण दुखू लागले तर लगेच सांगा', असे घरगुती मराठी हवे.

ही मागणी कन्नडविरोधी नाही. कन्नड मजकुराखाली मराठी मजकूर छापल्याने कुणाचे काही कमी होत नाही. सरकारी दवाखान्यांच्या आरोग्य रक्षा समित्यांकडे ग्रामपंचायतींनी तसे अर्ज द्यावेत. गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. तेव्हा तो मराठीतच द्यावा.

तोवर आपण एवढे तरी करावे. चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. कन्नड किंवा इंग्रजी वाचणारा मुलगा, सून, शेजारी सोबत घ्यावा. जेवायचे का, कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही आणि घरी गेल्यावर रक्त आले, ताप आला किंवा पू झाला तर कुणाकडे यायचे, हे विचारून मराठीत लिहून घ्यावे. आणि कागद वाचून दाखवल्याखेरीज सही करू नये. "आधी वाचून दाखवा, मग सही करतो," असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.