बातमी तळ्याच्या बांधावरच का थांबते?

दहावीच्या मराठीत बातमीलेखनाचा प्रश्न असतो. विषय दिलेला असतो, मुलांनी शीर्षक, ठिकाण, तारीख घालून बातमी तयार करायची. आमची शाळा उर्दू माध्यमाची, कोकणातल्या एका खाडीच्या काठावरची. मुलांना ओळखीचा विषय द्यावा म्हणून सरावासाठी मी दोन-तीन वर्षं एकच विषय देत आले: ‘कोळंबी शेतीतून तरुणाने साधली प्रगती’. मुलं झकास लिहायची. नोकरीच्या मागे न लागता तरुणाने पडीक खाजणात तळं खोदलं, कर्ज काढलं, लाखोंचं उत्पन्न घेतलं, गावात रोजगार आला. शेवटी ‘जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही’. मी पैकीच्या पैकी गुण देत होते.

गेल्या वर्षी एका मुलीने अशीच बातमी लिहिली आणि खाली पेन्सिलीने विचारलं, ‘मॅडम, यात अम्मीला कुठे लिहायचं?’ तिची अम्मी कोळंबी सोलायला जाते. मी घाईत होते. म्हणाले, ‘बातमीत तेवढी जागा नसते.’

हे उत्तर चुकीचं होतं. जागा असते, दिली जात नाही. आणि ती कुणी आणि का देत नाही, हे मला आज लिहायचं आहे.

मत्स्यशेतीवरच्या मराठी बातम्या मी गेलं वर्षभर कापून ठेवते आहे. त्यांच्या तीन जाती आहेत. पहिली यशोगाथा: तळ्याच्या बांधावर उभा मालक, हातात जाळं, जाळ्यात कोळंबी. दुसरी योजनेची: अनुदान किती टक्के, अर्ज कुठे करायचा. तिसरी निर्यातीची: यंदा किती टन, किती कोटी. २०२३-२४ मध्ये भारताने १७ लाख ८१ हजार टनांहून जास्त मासळी परदेशी पाठवली, किंमत ६० हजार ५०० कोटी रुपयांच्या वर. त्यातले सुमारे ४० हजार कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका.

आकडे खरे आहेत. माझा प्रश्न एवढाच, की ४० हजार कोटींची कोळंबी सोलली कुणी? डोकं काढायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा. यातलं बरंचसं काम अजून हातानेच होतं, बर्फात हात घालून, आणि बहुतेक ते हात बायांचे असतात. माझ्या कात्रणांत त्या हातांचा एकही फोटो नाही.

कुणी म्हणेल, बातमीदार तिथवर कसा पोहोचणार? कारखान्याला फाटक असतं. म्हणून थायलंडची गोष्ट सांगते.

२०१५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या चार पत्रकारांनी आग्नेय आशियातल्या मासळीच्या धंद्यावर मालिका लिहिली. चौघीही बाया: मार्गी मेसन, रॉबिन मॅकडॉवेल, मार्था मेंडोझा आणि म्यानमारची एस्थर टूसान. इंडोनेशियातल्या बेंजिना नावाच्या बेटावर त्यांना पिंजऱ्यात कोंडलेले मजूर सापडले, बहुतेक म्यानमारचे, जबरदस्तीने बोटींवर राबवलेले. ही समुद्रात धरलेली मासळी होती, शेतीतली नव्हे. त्या पिंजऱ्याचा फोटो छापून थांबल्या नाहीत. त्यांनी त्या मासळीच्या जहाजाचा उपग्रहावरून माग काढला, थायलंडच्या बंदरात रात्री-रात्री बसून ट्रक मोजले, ट्रकच्या मागे कारखान्यांपर्यंत गेल्या आणि कस्टमच्या कागदांवरून तो माल अमेरिकेतल्या कुठल्या दुकानांत जातो ते शोधलं. आणि हाती बातमी असूनही ज्यांचे चेहरे त्यात दिसणार होते, ती माणसं सुरक्षित जागी हलेपर्यंत छापली नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या थायलंडमधल्या समुत साखोनच्या कोळंबी सोलण्याच्या शेडपर्यंत पोहोचल्या. तिथे पहाटे दोनला दारावर लाथ बसायची, सोळा सोळा तास बर्फाच्या पाण्यात हात. मजुरांना नावाने नाही, नंबराने हाक मारत. बायकोसोबत राबणारा एक नवरा ३१ नंबर. या साऱ्या मालिकेनंतर दोन हजारांहून जास्त माणसं सुटली. पुढच्या वर्षी या कामाला पुलित्झर मिळालं. मला बक्षिसापेक्षा ट्रक महत्त्वाचा वाटतो. बातमीदार ट्रकच्या मागे गेला तर फाटकाआड काय आहे ते कळतं. आपला बातमीदार ट्रककडे पाठ करून मालकाच्या बाजूला उभा राहतो.

‘ते थायलंड, आपल्याकडे तसं नाही,’ असं म्हणू नका. मार्च २०२४ मध्ये याच वृत्तसंस्थेने आंध्र प्रदेशातल्या कोळंबी उद्योगावर लिहिलं. सोलण्याच्या शेडमधल्या बायांचे हात जखमांनी भरलेले, तळ्यांसाठी तोडलेलं कांदळवन, हे सगळं त्यात होतं. त्याच महिन्यात ‘आउटलॉ ओशन प्रोजेक्ट’ने एका भारतीय कारखान्यात काम केलेल्या अमेरिकन व्यवस्थापकाने बाहेर आणलेली कागदपत्रं प्रसिद्ध केली. कंपनीने आरोप नाकारले. सरकारने सांगितलं, आपले उद्योग नोंदणीकृत आहेत, प्रमाणित आहेत. मराठीत मला जे वाचायला मिळालं त्यात जोर सरकारच्या खुलाशावर होता. खुलासा कशाचा, ते दोन ओळींत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. अमेरिकेतले कोळंबी पकडणारे आपल्या स्वस्त मालाने बेजार आहेत, अशा बातम्यांचा त्यांना फायदा होतो. खरं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला तेव्हा तिथल्या काही लोकांना आनंदच झाला असेल. पण बातमीचा फायदा कुणाला झाला यावरून बातमी खोटी ठरत नाही. आपल्या बाईच्या बोटांची गोष्ट परक्याने सांगितलेली बोचत असेल, तर ती आपण आधी सांगायला हवी होती. त्या कराच्या वेळी मी वाचलेल्या बातम्यांत निर्यातदार चिंतेत होता, तळ्याचा मालक चिंतेत होता. शेडमधल्या किती बायांना ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितलं, हे मला कुठे सापडलं नाही.

जमिनीची गोष्टही तशीच अर्धवट छापली जाते. तमिळनाडूतले गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. विहिरी खारट होत होत्या, भातशेती बुडत होती. नागपूरच्या ‘नीरी’ या सरकारी संस्थेने पाहणी करून सांगितलं, की या धंद्याने होणारं नुकसान मिळकतीहून जास्त आहे. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला: किनारा नियमन क्षेत्रातली तळी काढा, नुकसान करणाऱ्याने भरपाई द्यावी. जुन्या पारंपरिक पद्धतीच्या शेतीला सूट दिली. आणि बंद होणाऱ्या तळ्यांवरच्या कामगारांना सहा वर्षांच्या मजुरीइतकी जादा भरपाई देण्यास सांगितलं. न्यायमूर्तींना कामगार दिसले होते!

पुढे काय झालं? २००५ मध्ये संसदेने किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा केला आणि नोंदणी केलेल्या तळ्यांना त्या बंदीतून बाहेर काढलं. २०२३ च्या दुरुस्तीने ती वाट आणखी रुंद झाली. विनानोंदणी तळ्यासाठी आधी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, ती जाऊन दंड आला. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. विजेचा दर, कर्ज, विमा, सगळ्याचं स्वागत छापून आलं. मीही स्वागत करते. पण शेतीचा दर्जा तळ्याला मिळाला. तळ्यावर रात्री पंख्यांची राखण करणाऱ्या आणि शेडमध्ये सोलणाऱ्या माणसाला कोणता दर्जा मिळाला, हा प्रश्न किती वार्ताहरांनी विचारला?

मी एकाला विचारलं. माझा जुना विद्यार्थी, तालुक्याचा वार्ताहर. तो हसला. ‘मॅडम, तळ्यावर जायला गाडी मालकाची. जेवण मालकाचं. पंधरा ऑगस्टच्या पुरवणीला जाहिरात मालकाची. मला पगार नाही, छापलेल्या बातमीमागे पैसे. बाईला विचारायला गेलो तर पुढच्या वर्षी जाहिरात कुणाकडे मागू?’

मला त्याचा राग आला नाही. सोलणारीला किलोमागे पैसे, वार्ताहराला बातमीमागे. दोघंही एकाच मालकाच्या तराजूत बसलेली. राग त्या वृत्तपत्रांचा येतो, जी शेअर बाजाराला रोज अर्धं पान देतात आणि कामगारांसाठी वेगळा बातमीदार ठेवणं ज्यांना परवडत नाही.

तराजूवरून आठवलं. त्या मुलीची अम्मी मला भेटली. तक्रार नव्हती, सहज सांगत होती. वजन सोललेल्या मालाचं होतं, तेही पाणी निथळल्यावर. काट्याजवळ उभं राहू देत नाहीत. आकडा दुसरा माणूस वहीत लिहितो, त्या वहीची नक्कल तिच्याकडे नाही. शनिवारी हातात पैसे पडतात तेव्हा कळतं आठवड्यात किती किलो ‘झालं’. बोटांची सालं निघालेली होती. म्हणाली, ‘रमजानमध्ये बरं असतं, रोजा असला की पाणी प्यायला उठावं लागत नाही.’ मी गप्प बसले.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. कोकणी मुसलमान शाफई, आपल्याकडे कोळंबीचा प्रश्नच नाही. पण आमच्या शाळेत मालेगाव-मराठवाड्याकडचे हनफी सहकारी आहेत. दावतीत झींग्याची बिर्याणी आली की वाद ठरलेला: झींगा मासळीत धरायचा की नाही? वाद शतकांचा आहे, उलेमांचा आहे, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं, की ताटातला जीव हलाल की मकरूह यावर आपण तासभर बोलतो आणि तो ताटात आणणाऱ्या बाईची मजुरी हलाल रीतीने मोजली का, यावर मिनिटभरही नाही. कुरआनमध्ये मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. जुम्म्याच्या खुत्ब्यात मजुराच्या हक्काबद्दल ऐकतो. मग त्या काट्याजवळ उभं राहायला कुणी का जात नाही? शेडचा मालक आपल्या जमातीतला, मशिदीला चंदा देणारा, म्हणून? वार्ताहर जाहिरातीपायी गप्प आणि आपण चंद्यापायी गप्प. फरक सांगा.

मी मत्स्यशेतीच्या विरोधात नाही. आमच्या वस्तीतल्या होड्या रिकाम्या परततात हे मी रोज बघते. पुढच्या पिढीला तळी लागतील, कालवं-तिसऱ्यांची शेती लागेल. गोव्याच्या खाजणांत आणि केरळच्या पोक्कळी शेतात भातानंतर कोळंबी घेण्याची जुनी रीत आहेच. म्हणूनच या धंद्याची बातमी जाहिरातीसारखी नको. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नव्वदच्या दशकात आला आणि टायगर कोळंबीची तळीच्या तळी बसली. २००९ मध्ये परदेशी वन्नामेई जात आणायला परवानगी मिळाली, तिलाही तो रोग होतो. यशोगाथा वाचून घर गहाण टाकणाऱ्या तरुणाला हे कुणी सांगितलं? खोटी आशा विकणारी बातमी मालकालाही शेवटी बुडवते.

म्हणून यंदा मी सरावाचा विषय बदलला. तळ्याची बातमी लिहायचीच, पण पाच प्रश्नांची उत्तरं शोधून. तळ्याआधी ती जमीन कशाची होती? तळ्याचं पाणी उपसून कुठे सोडतात? कोळंबीच्या खाद्यात जी बारीक मासळी जाते ती कुणाच्या जाळ्यातली? काम कोण करतं आणि मजुरीची नोंद कुणाच्या वहीत? गेल्या पाच वर्षांत या गावात कितींची तळी बुडाली?

मुलांनी तक्रार केली, ‘मॅडम, एवढं पानात बसत नाही.’ म्हटलं, जिद्दीचं वाक्य काढा, जागा होईल.

तुमच्या पेपरात अशी यशोगाथा आली, की वार्ताहराला एक फोन करा. शिव्या नका देऊ, त्याचीही अडचण आहे. एवढंच विचारा: वजन करताना सोलणारी बाई काट्याजवळ उभी होती का? दहा जणांनी विचारलं तर तो अकराव्या वेळी जाऊन बघेल.

आणि त्या मुलीला मी वहीत उत्तर लिहून दिलं आहे: पहिल्या परिच्छेदात लिही.