शिकाऱ्याची ओढ आणि भूमीची संमती

आफ्रिकेत एकदा शिकारीच्या सफारीला जाऊन आलेला मनुष्य पुन्हा तिकडे गेल्यावाचून राहत नाही आणि त्याची ही ओढच त्या खंडातील वन्य प्राण्यांना तारते, असे मत शिकारीचे समर्थक दीर्घकाळ मांडत आले आहेत. येथे सफारी म्हणजे शासनाचा परवाना घेऊन, व्यावसायिक मार्गदर्शकाच्या सोबतीने आणि प्रत्येक प्राण्यामागे ठरलेले शुल्क भरून केलेली शिकार. तिच्या अखेरीस मारलेल्या प्राण्याचे मस्तक, शिंगे किंवा कातडे ‘ट्रॉफी’ म्हणून शिकाऱ्याच्या घरी जाते. ज्याला परत यायचे आहे तो जंगल ओरबाडून जाणार नाही, त्याच्या पैशावर राखणदारांचे पगार निघतात, म्हणून त्याची वाट अडवणे हे प्राण्यांच्याच मुळावर येईल, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यात दोन विधानांची गाठ मारलेली आहे: शिकाऱ्याला परत यावेसे वाटते, हे एक आणि त्याच्या येण्यामुळे वन्य जीवन टिकते, हे दुसरे. पहिले विधान बहुतांशी खरे मानले तरी त्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

ही ओढ खरी असते, याला अमेरिकन लेखक हेमिंग्वेचे उदाहरण पुरेसे आहे. 1933च्या अखेरीस तो पूर्व आफ्रिकेत गेला, त्या सफारीवर त्याने 1935 साली पुस्तक लिहिले आणि सुमारे वीस वर्षांनी, 1953 साली, तो पुन्हा तेथे गेला. पहिल्या सफारीत सोबत्याने मारलेल्या कुडूची, म्हणजे पीळदार शिंगांच्या मोठ्या हरणाची, शिंगे आपल्या कुडूपेक्षा मोठी निघाल्याचे शल्य बाळगणारा हा लेखक दुसऱ्या खेपेस प्राणी मारण्यापेक्षा पाहण्यात अधिक रमला. म्हणजे त्याला परत नेणारी ओढ त्या भूमीची होती. तिला बंदुकीची ओढ म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. शिकारी केवळ रक्ताच्या तहानेने परततो, हा विरोधकांचा आरोप म्हणूनच टिकत नाही.

परंतु ओढ म्हणजे संयम नव्हे, हे फ्रेडरिक सलूसच्या चरित्रावरून दिसते. 1871 साली कोवळ्या वयात दक्षिण आफ्रिकेत उतरलेल्या या इंग्रज शिकाऱ्याइतके त्या खंडावर प्रेम करणारे थोडेच झाले असतील. तो पुन्हा पुन्हा तेथे गेला आणि 1917 साली रुफिजी नदीच्या परिसरात, पहिल्या महायुद्धातील एका चकमकीत, तेथेच मारला गेला. आरंभी हस्तिदंतासाठी हत्ती मारणाऱ्या सलूसला पुढे संग्रहालयांसाठी नमुने गोळा करण्याकडे वळावे लागले, कारण त्याच्यासारख्या अनेकांच्या बंदुकांनी हत्ती विरळ करून टाकले होते. याउलट अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 साली मुलासह आला, दोघांनी मिळून 512 प्राणी मारले आणि तो पुन्हा कधीही आफ्रिकेत शिकारीला गेला नाही. जन्मभर परतत राहिलेल्याच्या डोळ्यांदेखत हत्ती घटले आणि एकदाच आलेल्यानेही शेकड्यांनी प्राणी मारले; तेव्हा परतण्याची इच्छा ही संरक्षणाची कसोटी होऊ शकत नाही.

या वादात सर्वांत गंभीर उणीव निराळीच आहे: ज्यांच्या भूमीवर शिकारी परततो त्या लोकांचा त्यात उल्लेखच नसतो. वसाहतीच्या कायद्याने परवाना विकत घेणाऱ्या गोऱ्या पाहुण्याला ‘खिलाडू शिकारी’ ठरवले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात शिकार करणाऱ्या स्थानिकाला चोरट्या शिकाऱ्याच्या रांगेत बसवले. केनियातील त्सावोच्या परिसरात विषारी बाणांनी हत्ती मारणारे वाटा लोक हे याचे ठळक उदाहरण आहे. 1950च्या दशकात त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम चालवून अनेकांना तुरुंगात धाडण्यात आले आणि त्याच काळात शुल्क भरणाऱ्या परदेशी शिकाऱ्यांना हत्ती मारण्याचे परवाने मिळत होते. ज्याचे पीक हत्ती तुडवतात त्याला हत्तीवर कोणताही हक्क नाही, ही व्यवस्था अन्यायाची तर होतीच, शिवाय संरक्षणाच्या दृष्टीनेही ती आत्मघातकी होती, कारण तिने शेजाऱ्यालाच प्राण्याचा वैरी बनवले.

यावर सरसकट बंदी हाच उपाय आहे, असे म्हणणाऱ्यांनी केनियाकडे पाहावे. तेथे 1977 साली शिकार बंद झाली आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यानंतरच्या चार दशकांत तेथील गवताळ प्रदेशांतील वन्य प्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले. याचे खापर एकट्या बंदीवर फोडणे चुकीचे ठरेल. वाढती लोकवस्ती, गुरे, कुंपणे आणि अवर्षणे ही कारणे मोठी आहेत. मात्र बंदीने प्राणी आपोआप वाचतात, हा समज त्या आकड्यापुढे उभा राहत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची सवय असलेल्या भारतीय वाचकानेही लक्षात घ्यावे, की आफ्रिकेतील कितीतरी हत्ती राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर, पशुपालकांच्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनीवर वावरतात.

आता सिद्धान्तपक्ष. शिकाऱ्याने परत यावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या भूमीवर राहणाऱ्या समाजाचा असला पाहिजे. नामिबियाने 1996च्या कायद्याने हे तत्त्व व्यवहारात आणले. त्या कायद्याखालची ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणजे सीमा, सभासद आणि घटना ठरवून नोंदवलेली स्थानिक संस्था. आपल्या क्षेत्रातील प्राण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर तिचा हक्क असतो, तर किती प्राणी मारता येतील याची मर्यादा, म्हणजेच कोटा, शासनाच्या संमतीने ठरतो. 1998 साली नोंदलेल्या पहिल्या संस्थांमध्ये सान लोकांची न्याए न्याए ही एक होती. आज अशा 80हून अधिक संस्था आहेत. शिकारीचे शुल्क संस्थेकडे येते आणि मांस गावात वाटले जाते. 2016च्या एका अभ्यासात असे दिसले, की शिकार बंद केल्यास आपला चालू खर्च भागवू न शकणाऱ्या संस्थांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढेल. छायाचित्रे काढायला येणाऱ्या पर्यटकांचे उत्पन्न थांबल्यास मात्र तितका फटका बसणार नाही. कॅमेरा घेतलेला पर्यटक देखण्या, प्राण्यांनी गजबजलेल्या जागी जातो. शिकारी रुक्ष, दुर्गम आणि गुरांच्या वाटेवरच्या रानातही जातो.

या मांडणीने शिकारीला मोकळे रान मिळते असे कोणी समजू नये. टांझानियात सिंह आणि बिबळे यांची घट जेथे शिकार सर्वाधिक होती तेथेच अधिक झाल्याचे संशोधक क्रेग पॅकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवले. सिंहांच्या कळपातील नर अकाली मारला गेला, की नवा नर त्याचे बछडे मारतो, त्यामुळे एका गोळीची किंमत अनेक जिवांनी मोजावी लागते. म्हणून सहा वर्षांखालील सिंह न मारण्याची अट अत्यावश्यक आहे. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणात सोडून मारण्याचा जो धंदा चालतो, त्याला तर कोणतेच समर्थन नाही.

या बाबतीत 2006 साली प्रसिद्ध झालेली शिकाऱ्यांची एक पाहणी आशादायक आहे: संरक्षणाला बाधा येईल अशा रीतीने शिकार करण्याची त्यांची नाखुशी सफारी चालवणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा बरीच अधिक निघाली. तेव्हा आफ्रिकेत परतू पाहणाऱ्या प्रत्येक शिकाऱ्याने आरक्षण करण्यापूर्वी लेखी विचारावे, की ही जमीन कोणाची आहे, कोटा कोणी ठरवला आणि आपल्या शुल्कातील किती भाग त्या गावाच्या हाती पडणार आहे. आणि ज्या आयोजकाकडे याची उत्तरे नसतील त्याच्याकडे त्याने जाऊ नये.