पहिल्या वर्षाचा गडी व कोपऱ्याची जागा

गेल्या श्रावणांत एका रविवारीं दुपारीं आमचे दोन माजी विद्यार्थी तासाभराच्या अंतरानें आमच्या घरीं येऊन गेले. दोघेही याच शाळेच्या मैदानावर कबड्डी शिकलेले, व दोघेही आतां एकाच महाविद्यालयांत शिकत असलेले. पहिला बारामतीचाच, तिसऱ्या वर्षाचा. दुसरा इंदापूर तालुक्यांतील, नीरा डाव्या कालव्याकाठच्या एका खेड्यांतला. यंदाच पहिल्या वर्षांत दाखल झालेला व रोज एस. टी. नें जाये करणारा. पहिला म्हणाला, "सर, दोन वर्षें राखीव बसलों, थोरल्यांना पाणी दिलें, सराव एकही दिवस चुकवला नाहीं. यंदा डाव्या कोपऱ्याची जागा मोकळी झाली, तर ती काल आलेल्या पोराला द्यायची म्हणतात. हा न्याय झाला का ?" दुसरा आला तोही कांहीं आनंदानें आला नाहीं. त्यानें खालीं मान घालून विचारलें, "सर, माझी निवड झाली तर मी उभा राहूं कीं नको ? थोरले गडी माझ्याशीं बोलत नाहींत."

आम्हीं दोघांसही चहा पाजला व दोघांसही उत्तर न देतां वाटेस लावलें. खरें सांगावयाचें तर उत्तर आमच्याजवळ तयार नव्हतें. शिक्षकास आपले दोन विद्यार्थी एका जागेसाठीं समोरासमोर उभे राहिलेले पाहणें फार जड जातें. पुढें पुष्कळ दिवस हा प्रश्न मनांत घोळत राहिला, व जों जों विचार केला तों तों वाटूं लागलें कीं, हा प्रश्न त्या दोघांपुरताच नाहीं. नव्यानें यावें आणि जुन्याच्या आधीं मान घ्यावा, हें योग्य कीं अयोग्य ? जेथें जेथें माणसें मिळून काम करितात तेथें तेथें हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून त्याची चर्चा या वार्षिकांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही जागा काय आहे तें नीट पाहूं. कबड्डींत एका बाजूस सात गडी उभे असतात, व त्यांत दोन्ही टोकांस जे दोघे राहतात त्यांस कोपरे म्हणतात. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. म्हणजे एकेका बाजूस साडेसहा मीटरांची खोली. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदान रेषा, व तिच्यामागें एक मीटरावर बोनस रेषा. पूर्वीं हुतुतूंत गड्याचा दम पुरेल तोंवर चढाई चाले. आतां तिला ३० सेकंदांची मर्यादा आहे. तेवढ्या वेळांत प्रतिपक्षाचा गडी या मुलखांत शिरून पाय टाकून पाहतो, व तो पाय बहुतेक कोपऱ्याच्या डोळ्यांसमोरच पडतो. कोपऱ्यानें घोट्यावर झेंप घातली ती पळभर आधीं, तर चढाई करणारा त्यालाच शिवून निघून जातो. पळभर उशीर झाला, तर घोटा हातीं न येतां नुसती माती हातीं येते. शिवाय त्यानें धरलें आणि सुटलें, तर त्याच्या मदतीस धांवून ज्यांनीं ज्यांनीं हात घातला ते सर्व बाद होतात. चढाई करणारा चुकला तर तो एकटा बाहेर जातो. कोपरा चुकला तर दोघा-तिघांस घेऊन बाहेर जातो, व तें साऱ्या गांवाला दिसतें. अशी ही जागा आहे. तिच्यावर सतरा-अठरा वर्षांच्या मुलास उभें करावें कीं नाहीं, हा वादाचा मुद्दा.

करूं नये असें म्हणणाऱ्यांचीं कारणें पोकळ नाहींत. एक कारण शरीराचें. खुल्या गटांत पुरुष खेळाडूस ८५ किलोपर्यंत वजनाची मुभा असते. बासष्ट किलोचा, नुकताच शाळा सोडून आलेला मुलगा ऐंशी किलोच्या गड्याच्या पायाला मिठी मारतो, तेव्हां त्या मुलाच्या खांद्यावर व गुडघ्यावर काय प्रसंग येतो तें ज्यानें जवळून पाहिलें आहे तोच जाणे. दुसरें कारण मनाचें. शाळेंत जो सर्वांत थोर असतो, तो महाविद्यालयांत सर्वांत धाकटा होतो. त्या उतरणीवर पाय ठरावयास कांहीं महिने लागतात. तिसरें कारण अभ्यासाचें. पहाटेची एस. टी., दिवसभर तासिका, संध्याकाळीं सराव, आणि रात्रीं घरीं पोंचल्यावर पुस्तक. यांत प्रथम काय सुटतें तें सांगावयास नको. आणि चौथें कारण थोरल्यांच्या हक्काचें, जें आमच्या पहिल्या विद्यार्थ्यानें मांडलें. ज्यानें दोन वर्षें वाट पाहिली त्याच्या वाट पाहण्यास कांहींच किंमत नाहीं काय ?

या शेवटच्या कारणाचा आम्हीं सर्वांत अधिक विचार केला, कारण त्यांत खरें दुःख आहे. परंतु विचारान्तीं आमचें मत असें झालें कीं, वाट पाहणें हें पुण्य असेल, पण तें जागेचें मोल नव्हे. त्या दोन वर्षांत गडी काय शिकला, हेंच त्याचें मोल. जर तो शिकला असेल तर कसोटीच्या वेळीं तें दिसेलच. आणि दिसलें नाहीं, तर नुसत्या दिवसांच्या हिशेबावर संघाची डावी बाजू उघडी टाकतां येत नाहीं. संघाची जागा ही कोणाच्या वडिलोपार्जित जमिनीसारखी वारसाहक्कानें येत नाहीं.

आतां उदाहरणें पाहूं. सचिन तेंडुलकर यानें १९८८ च्या डिसेंबरांत मुंबईकडून गुजरातविरुद्ध पहिला रणजी सामना खेळून त्यांत नाबाद १०० धांवा केल्या, तेव्हां तो पंधरा वर्षांचा होता, हें सर्वांस ठाऊक असतें. त्याच्या आदल्या, म्हणजे १९८७-८८ च्या हंगामांत त्याची मुंबईच्या संघांत निवड झालेली होती, परंतु प्रत्यक्ष अकरांत त्यास एकदांही घेतलें नव्हतें, व तो बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानावर धांवत असे, हें मात्र थोड्यांच्या लक्षांत असतें. पुढें १९८९ सालीं पाकिस्तानांत सियालकोटच्या सामन्यांत वकार युनूसचा चेंडू नाकावर बसून रक्त आलें, तरी तो मुलगा खेळत राहिला व त्यानें ५७ धांवा केल्या. त्या वेळीं दुसऱ्या टोकास नवज्योतसिंग सिद्धू हा जाणता खेळाडू उभा होता, हेंही विसरूं नये.

याच्या उलट बाजूस सांगलीचे विजय हजारे यांच्याकडे पाहावें. त्यांचा जन्म १९१५ सालचा. पहिला कसोटी सामना त्यांस १९४६ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं मिळाला. मध्यंतरीं महायुद्धानें कित्येक वर्षें खाऊन टाकलीं होतीं. तरी १९५२ सालीं मद्रास येथें भारतानें इंग्लंडवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो हजारे यांच्याच नेतृत्वाखालीं. उशिरा मिळालेल्या जागेनें माणूस लहान होत नाहीं, हें यावरून उघड आहे.

कबड्डींतलें उदाहरण तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्याचें आहे. नगर जिल्ह्यांतील टाकळीभानचा असलम इनामदार पुणेरी पलटण या संघांत नवोदित म्हणून आला. डिसेंबर २०२२ मध्यें नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यांत पलटणचा जयपूरकडून ३३-२९ असा पराभव झाला. त्या सामन्यांत दुखापतीमुळें असलमला खेळतां आलें नाहीं. पुढच्याच हंगामांत तो कर्णधार झाला, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणाच्या संघास २८-२५ असें हरवून पलटणनें प्रथमच विजेतेपद मिळविलें. म्हणजे नव्या गड्यावर विश्वास टाकणारांस फळही मिळालें, आणि त्याचें कोवळें शरीर कसें ऐन वेळीं दगा देऊं शकतें याचा अनुभवही मिळाला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या चरित्रांत आहेत.

येथें आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली दिल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. सुमारें आठ वर्षांपूर्वीं शाळेचा संघ आमच्या हातीं असतां, थोरले गडी दोनदां सरावास उशिरां आले म्हणून आम्हीं रागावलों, व अंतिम सामन्यांत आठवीच्या एका मुलास डाव्या कोपऱ्यांत उभें केलें. मुलगा चपळ होता; पण त्याची निवड त्याच्या चपळाईमुळें झाली नव्हती, थोरल्यांस धडा शिकविण्यासाठीं झाली होती. शेजारच्या गड्यांनीं त्यास हांक दिली नाहीं. पहिल्या पांच मिनिटांत तो तीनदां बाद झाला, आमच्यावर लोण चढला, व सामना गेला. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला नाहीं, आणि शाळा सोडीपर्यंत पुन्हां कधींच आला नाहीं. सामना हरल्याचें आम्हांस आज कांहींच वाटत नाहीं. त्या मुलाचा आम्हीं काठीसारखा उपयोग केला, याचें मात्र अजून वाटतें.

या चुकीनें आम्हांस जें शिकविलें तें असें. शेतकरी नवें खोंड कामास लावतो तेव्हां दोन खोंडें एका जूंखालीं जुंपीत नाहीं. एका बाजूस मुरलेला बैल देतो. तो बैल चालतो, थांबतो, वळतो, आणि खोंड त्याच्याबरोबर चालणें शिकतें. इंदापुराकडच्या मुलांस हें आम्हीं सांगावें असें नाहीं. नव्या कोपऱ्यास उभें करावयाचें तर त्याच्या लगतचा गडी जुना, बोलता व मनानें मोठा असला पाहिजे. पकड ही एकट्या कोपऱ्याची कधींच नसते. त्यानें घोटा धरल्यावर पुढच्याच क्षणीं कंबरेस मिठी घालणारा पोंचला नाहीं, तर उत्तम कोपराही फरफटत मध्यरेषेपर्यंत जातो.

तेव्हां आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. पहिल्या वर्षाचा गडी कोपऱ्याची जागा मिळवूं शकतो, आणि मिळविली तर ती त्यास दिलीच पाहिजे. मात्र ती मिळविलेली असावी. बक्षीस म्हणून, लाड म्हणून किंवा दुसऱ्यास शिक्षा म्हणून दिलेली नसावी. यासाठीं कसोटी उघड्यावर व्हावी. दोघांसही त्याच चार चढाईपटूंच्या वीस-वीस चढाया द्याव्या, सर्व संघानें भोंवतीं बसून पाहावें, व पकडी आणि चुका दोन्ही मोजाव्या. चुका मोजणें अधिक महत्त्वाचें; कारण दहा पकडी करून आठ वेळां व्यर्थ झेंप घेणाऱ्यापेक्षां, सात पकडी करून एकदांच चुकणारा कोपरा संघास अधिक उपयोगी. एवढें झाल्यावर निकाल कोणाच्याही बाजूनें लागो, कोणासही तोंड लपवावें लागणार नाहीं.

दुसरें असें कीं, नव्यास एकदम चाळीस मिनिटांच्या आगींत लोटूं नये. राखीव गडी बदलण्याची सोय नियमांतच आहे. प्रारंभीं उत्तरार्धांतील कांहीं मिनिटें द्यावीं, व त्याचा खांदा आणि धीर जसा बसत जाईल तसा वेळ वाढवावा. सहामाही परीक्षेंत जो घसरला त्यास सरावांतून सवलत द्यावी, जागेंतून काढूं नये. आणि ज्याची जागा गेली त्यास पाण्याच्या बाटल्यांकडे परत पाठवूं नये. त्याच्याजवळ दोन वर्षांचें पाहणें आहे. कोणता चढाईपटू कोणत्या पायावर फिरतो हें तो जाणतो. तें ज्ञान मागून घेणें हा त्याचा मान आहे, व तें देणें ही त्याची परीक्षा आहे.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास आम्ही म्हणूं : बाळ, तुझें दुःख खरें आहे, परंतु तुझा हक्क कसोटी मागण्याचा आहे, जागा मागण्याचा नव्हे. ती कसोटी मोकळेपणानें माग, आणि हरलास तर त्या पोराशीं पहिला तूं बोल. तूं बोललास कीं बाकीचे बोलतील; तूं गप्प राहिलास तर संघाची डावी बाजू तुझ्या मौनानेंच फुटेल. आणि इंदापूरच्या मुलास म्हणूं : उभा राहा. भिऊन जागा सोडणें हा नम्रपणा नव्हे. तसें केल्यानें थोरल्याचाही मान राहत नाहीं, कारण दान म्हणून मिळालेली जागा त्यास कधीं गोड लागणार नाहीं. मात्र मैदानाबाहेर तूं धाकटाच आहेस हें विसरूं नको.

त्या रविवारीं चहाच्या वेळीं जें सांगावयास हवें होतें, तें आम्हांस सुचावयास इतके दिवस लागले. उशिराबद्दल दोघांनींही आपल्या शिक्षकास क्षमा करावी.